पुन्हा परत

सुरतेतल्या महापालिकेच्या एका मराठी शाळेत शैलजाबाई देवस्थळी सव्वीस वर्षं मराठी शिकवत होत्या, आणि त्या सव्वीस वर्षांत आपल्या लाल पेनातून सुटलेलं एक तरी ‘पुन्हा परत’ कोणी दाखवून द्यावं, असं त्या पैजेवर सांगत. मुलं त्यांना बाई म्हणत. त्याच इमारतीत गुजराती शाळा भरे, तिथल्या शिक्षिका शैलजाबेन म्हणत. नवरा चंद्रकांत बँकेतून निवृत्त झालेला, तो चिडवायचं असलं की ‘लालपेन’ म्हणे.

‘पुन्हा परत’ दिसलं की बाई त्याभोवती गोल काढत आणि समासात लिहीत, ‘पुनरुक्ती’. मुलं लिहीत तरी काय एकेक. ‘रातपाळीची नाईट’, ‘लेडीज बाया’, ‘सकाळचा मॉर्निंग वॉक’. एका पोरानं ‘गोल वर्तुळ’ लिहिलं तेव्हा बाईंनी त्याला फळ्यावर बोलावून चौकोनी वर्तुळ काढायला सांगितलं होतं. पोरगं रडवेलं झालं, वर्ग हसला, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तो किस्सा चहाबरोबर संपला.

शिकवण्यात त्या कामचुकार नव्हत्या, हे त्यांच्या शत्रूनंही मान्य केलं असतं. चाळीस वह्या घरी नेत आणि चाळीसच्या चाळीस दुसऱ्या दिवशी परत आणत. प्रत्येक पानाखाली ‘तपासले’, तारीख आणि सही. वर्गात येणारी पोरं बहुतेक खानदेशातून आलेल्या कामगारांची. बाप पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये नाहीतर लूमवर, आई घरी साड्यांना टिकल्या लावणारी. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. अशा पोरांकडून निबंधात काय निघणार, म्हणून बाईंनीच त्यांना शिदोरी बांधून दिली होती. वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता होता, वर ठळक अक्षरांत ‘सुंदर वाक्ये’, खाली मोजून बावीस. ‘काळाची गरज आहे’ होतं, ‘अहोरात्र घाम गाळतात’ होतं, ‘चंदनासारखे झिजतात’ होतं. ‘आपल्या जिवाची पर्वा न करता’ हे बाईंचं सर्वांत लाडकं. प्रत्येक निबंधात यांतली किमान चार हवीत, असा नियम.

त्यामुळे दर वर्षी जूनमध्ये ‘माझे वडील’ लिहायला दिलं की चाळीस बाप चंदनासारखे झिजत. एका मुलाचा बाप दुसरं लग्न करून नवसारीला राहायला गेला होता, दोन वर्षं फिरकला नव्हता. तोही झिजला, आणि मुलाला दहापैकी आठ मिळाले. पोरांच्या एका ओळीत एक शब्द दोनदा आला की बाईंना खपत नसे. एकच वाक्य चाळीस वह्यांत चाळीसदा आलं, त्याभोवती मात्र कधी गोल पडला नाही. ते वाक्य त्यांचं होतं ना.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी मधल्या सुट्टीत आठवीतली धनश्री बोरसे एक फुलस्केप कागद घेऊन आली. मुलगी अबोल, अक्षर मोत्यासारखं, बाईंच्या मर्जीतली.

“बाई, एवढं तपासून देता का? मिलमध्ये द्यायचंय.”

तिचा बाप मगन उखा बोरसे एका डाईंग मिलमध्ये जेट मशीनवर होता. या मशीनमध्ये कापड उकळत्या पाण्यात, वाफेच्या दाबाखाली रंगवतात. दाब पुरता उतरल्याशिवाय, म्हणजे दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं. मागच्या बुधवारी झाकण उघडताच आतलं पाणी उसळलं आणि मगनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आता मिलनं सांगितलं होतं, काय झालं ते लिहून द्या. मगनच्या हाताला पट्ट्या, आई सरलाबाईला सहीपुरतंही येत नव्हतं, म्हणून मुलीनं लिहिलं होतं.

“अरेरे,” बाई म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

धनश्रीनं लिहिलं होतं: ‘सोमवारी पप्पांनी महेशभाई सुपरवायझरला सांगितलं की काटा अटकतो. मंगळवारी पुन्हा सांगितलं. बुधवारी परत पुन्हा सांगितलं. तीन डाव सांगितलं. महेशभाई म्हणाले खोल. पप्पा म्हणाले अजून गरम आहे, थांबू. महेशभाई म्हणाले काटा झीरोवर आहे, खोल. मग पप्पांनी खोललं.’

बाईंना काय दिसलं? ‘सांगितलं’ चार वेळा दिसलं. ‘म्हणाले’ तीन वेळा दिसलं. ‘परत पुन्हा’ दिसलं, ते तर दुरूनही दिसलं असतं. ‘तीन डाव’ दिसलं.

“डाव खेळात असतो गं. भातुकलीचा डाव, पत्त्यांचा डाव. आणि एकच गोष्ट किती वेळा सांगशील?”

“तीन वेळाच सांगितलेलं बाई,” धनश्री म्हणाली.

बाई हसल्या. पोरीला पुनरुक्ती कळली नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी चारही वाक्यांवर एक सरळ रेघ मारली. मग ‘खोल’वर मारली, दुसऱ्या ‘खोल’वर मारली. टोले पडायला सात-आठ मिनिटं होती. तेवढ्या वेळात त्यांनी वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात लिहून काढलं: ‘माझे वडील अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक कामगार असून ते अहोरात्र घाम गाळतात. सदर दिवशी त्यांनी आपल्या जिवाची पर्वा न करता, कर्तव्यभावनेने यंत्राचे झाकण उघडले आणि नियतीने घाला घातला.’

“बघ, कसं वाटतंय?”

धनश्रीनं वाचलं. तिचे डोळे क्षणभर कागदावर काहीतरी शोधत राहिले. “छान आहे बाई.”

“स्वच्छ कागदावर उतरव. आणि हा कागद फेकू नकोस, नियम काय आपला? खाडाखोड वहीत चिकटवायची. आपली चूक आपल्याला दिसायला हवी.”

खाली त्यांनी सवयीनं ‘तपासले’ लिहिलं, तारीख घातली, सही केली. चांगलं काम केल्याच्या समाधानात त्या दिवशी त्यांनी डब्यातली शंकरपाळी शेजारच्या बेनना वाटली.

दिवाळीची सुट्टी झाली, शाळा उघडली. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी बाई आठवीला शब्दसंपत्ती घेत होत्या. मुलांनी कुठलाही अडलेला शब्द विचारायचा, बाई अर्थ सांगणार, मग त्याच मुलानं तो वाक्यात वापरायचा. धनश्रीनं हात वर केला. ती कधी हात वर करत नसे, म्हणून बाईंना बरं वाटलं.

“बाई, बेदरकारी म्हणजे काय?”

“वा. गुजरातीतला दिसतो, पण आपल्याकडेही आहे. बेदरकारपणा म्हणजे निष्काळजीपणा, कशाची पर्वा न करणं. वाक्यात उपयोग कर पाहू.”

धनश्री उभी राहिली. हात बाकावर सरळ ठेवले, जसं उभं राहायला बाईंनी शिकवलं होतं. “माझ्या पप्पांनी स्वतःच्या बेदरकारीनं झाकण उघडलं.”

वर्गात कोणी हसलं नाही. सगळ्यांना मगनकाकांचं माहीत होतं. धनश्री बसली नाही, तशीच उभी राहिली. “तसं कागदात आलंय बाई. मिलमधून. मग जिवाची पर्वा न करता म्हणजे बेदरकारीच ना?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच अर्थ विचारत होती ती. बाईंनी खडू ठेवला, कागद मागितला आणि खिडकीकडे तोंड करून वाचला. गुजरातीतलं पत्र होतं. मगन उखा बोरसे यांनी स्वतःच लिहून दिल्याप्रमाणे ‘पोतानी बेदरकारीथी’ ढाकण उघडलं, सबब अपघातास ते स्वतः जबाबदार आहेत, मशीनवर परत घेता येणार नाही. काही म्हणणं असेल तर शनिवारी अकरा वाजता हजर राहून लेखी द्यावं.

लेखी. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पांडेसऱ्यात मिल शेकडो असतील, पण बातमी एकच फिरते. ज्याच्यावर दाबातलं झाकण उघडल्याचा ठपका, त्याला दुसऱ्या मिलच्या फाटकातूनही कोणी आत घेत नाही. महेशभाईनं तीनदा ऐकून कानाआड केलं, वर ‘खोल’ म्हणून हुकूम दिला, आणि मिलला लिहून दिलेल्या कागदात महेशभाई कुठेच नव्हता. त्याच्या जागी नियती होती. नियती बाईंनी आणली होती.

“बस,” त्या म्हणाल्या. पुढे काय शिकवलं ते त्यांना आठवत नाही.

घरी चंद्रकांतला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू शुद्धलेखन सुधारलंस, निर्णय त्यांनी दिला. तू कशाला वाईट वाटून घेतेस? होणारं कुठे चुकतं का?” तो बायकोवर माया करणारा माणूस, दुसरं काय बोलणार. पण होणारं चुकत नाही हे तक्त्यावरचं अकरावं वाक्य होतं. बाई जेवल्या नाहीत.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्या बमरोलीला धनश्रीच्या घरी गेल्या. सव्वीस वर्षांत त्या मुलांच्या घरी फारशा गेलेल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरची एक खोली, दारात टिकल्या लावायच्या साड्यांचं गाठोडं. मगन खाटेवर बसला होता, हात पुढे धरून, पट्ट्यांतून बोटांची टोकं दिसत होती. बाईंना पाहून तो उठायला लागला, त्यांनी नको नको म्हटलं तरी उठलाच.

“बठा बाई. चहा ठेवस मी,” सरलाबाई म्हणाली.

बाई बसल्या. सांगायचं काय ते वाटेत तीनदा घोकून झालं होतं. पण मगनच आधी बोलला.

“बाई, तुमना कागद पोरनी वाची दखाडा तवय माले रडू ऊनं.” मग बाईंना कळावं म्हणून तो शाळेच्या मराठीवर आला. “पोरीनं वाचून दाखवला तेव्हा रडूच आलं. मला वाटलं, कोण्या मोठ्या माणसाबद्दल लिहिलंय. मी म्हटलं, धना, हा मी का? असं माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं कधी.”

“पण महेशभाईंचं त्यात नव्हतं,” बाई कशाबशा म्हणाल्या. “तुम्हाला वाटलं नाही का, की राहिलं?”

मगननं बायकोकडे पाहिलं. चहाचं भांडं उतरवत सरलाबाई म्हणाली, “मी म्हणे यास्ले, बाईस्नी काढं म्हणजे काही कायदा व्हई.”

बाईंनी काढलं, म्हणजे काहीतरी कायदा असेल. या दोन माणसांनी कागद ऐकला होता, त्यात खरं नाही हे त्यांना समजलं होतं, आणि तरी मगननं पट्टीबाहेरच्या डाव्या अंगठ्याचा ठसा दिला होता, कारण खाली तपासले लिहिलेल्या माणसाला जास्त कळतं. बाईंच्या हातात कपबशी आली. चहात आलं होतं, वेलची होती, पाहुण्याचा चहा होता. त्या कबूल करायला आल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडून निघालं काय तर, “काळजी करू नका. सगळं ठीक होईल.”

एवढं बोलून त्या उठल्याच. जिना उतरताना स्वतःच्या त्या वाक्याची त्यांना किळस आली. पायरीवर थांबून त्यांनी कठडा धरला, परत वर जावं असं वाटलं, आणि पाय खालीच गेले. धनश्री रिक्षापर्यंत सोडायला आली होती.

“बाई, मी लिहिलं होतं ना काट्याचं. पुनरुक्ती होती म्हणून गेलं.”

“नव्हती गं,” बाई म्हणाल्या. रस्त्यातच म्हणाल्या, टेम्पोच्या आवाजात. “पुनरुक्ती नव्हती ती. तीनदा सांगितलं तर तीनदाच लिहायला हवं. माझं चुकलं.”

मुलीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू बाईंनीच चौकोनी वर्तुळ काढलं होतं. मग ती पळत वर गेली आणि निबंधाची वही घेऊन आली. कागद तिनं नियमाप्रमाणे चिकटवला होता, चारी बाजूंनी.

घरी बाईंनी वही उघडली. लाल रेघांखाली निळी अक्षरं स्वच्छ वाचता येत होती, ही एक बाईंच्या पद्धतीतली चांगली गोष्ट, गिरगटून खोडू नये, सरळ रेघ मारावी. त्या मागची पानं चाळत गेल्या. जूनमधला ‘माझे वडील’ होता. धनश्रीनं लिहिलं होतं, ‘ज्या रंगाचा लॉट असतो त्या रंगाची पप्पांची नखं होतात. कधी निळी तर कधी लाल.’ त्यावर रेघ होती. वर बाईंच्या अक्षरात होतं, ‘कष्टाने रापलेले हात’. खाली तपासले.

बाईंना त्या पानाचा एक शब्द आठवत नव्हता. त्यांनी ते वाचलंच नव्हतं. नुसतं चुका वेचत गेल्या होत्या, तांदळातले खडे वेचावेत तशा, आणि या पानावर तर खडे ठेवून तांदूळ टाकून दिले होते. किती वर्षं, किती वह्या. त्या डायनिंग टेबलाशी बसून रडल्या, आणि चंद्रकांत दारातून पाहून आत गेला.

गुरुवारी त्या मिलच्या ऑफिसात गेल्या. काउंटरमागचा क्लार्क पटकन उठला आणि त्यानं खुर्ची पुढे केली. “बाई, तुम्ही? बेसो ने, बेसो.” तो प्रशांत होता, त्यांच्याच शाळेचा, बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. मराठी कागद आला की गुजराती करून वर पाठवायचं काम त्याच्याकडे होतं.

“बोरसेचं पत्र तू केलंस?”

“हो बाई. काही चुकलं का?” त्याच्या चेहऱ्यावर अजून वर्गातली भीती होती. “जिवाची पर्वा न करता, असं होतं. तुम्ही शब्दार्थ दिले होते ना आम्हाला, पर्वा न करणे म्हणजे बेफिकीर असणे. म्हणून मी बेदरकारी घातलं. बेस्ट शब्द वाटला.”

बाईंना त्याला रागावता येईना. शिकवलेलं लक्षात ठेवणारा विद्यार्थी हवा असतो ना प्रत्येकाला, तो हा समोर उभा होता.

त्यांनी वही पुढे केली. प्रशांतनं खोडलेलं सगळं वाचलं, मग केबिनकडे पाहून आवाज खाली आणला. “बाई, हे चालेल. पण नुसता कागद दाखवून नाही चालणार. साहेब म्हणतील, आता मागाहून लिहिलं. हे आधी लिहिलं होतं, कोणी खोडलं, का खोडलं, ते त्या माणसानं स्वतः लिहून द्यायला पाहिजे. आणि शनिवारी इथे येऊन वाचायला पाहिजे. महेशभाई पण असतील.”

“देते,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी लिहायला बसल्या. ‘मी अत्यंत नम्रपणे नमूद करू इच्छिते की अनवधानाने’ असं सुरू झालं. फाडलं. ‘विद्यार्थिहिताच्या उदात्त हेतूने’ असं आलं. तेही फाडलं. तिसऱ्यांदा अर्धं पान झालं, त्यात ‘अत्यंत नम्रपणे’ आणि ‘अनवधानाने’ परत आलं होतं, ‘मानवी स्वभावानुसार’ होतं, ‘दुर्दैवाने’ होतं, सव्वीस वर्षांची सेवा होती. वाचून पाहिलं तर त्यात चूक कुठे सापडेना. चूक केली कोणी, तेही सापडेना. स्वतःला झाकून घ्यायला एवढी वाक्यं आपल्याजवळ आहेत, याची त्यांना लाज वाटली, आणि तरीही त्यातलं एकही काढवेना.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी धनश्रीला बोलावलं. तिसरा कागद तिच्यापुढे ठेवला, वर लाल पेन ठेवलं.

“जे खरं नाही ते खोड.”

“बाई, मी?”

“तूच.”

धनश्रीनं पेन उचलायला वेळ लावला. पहिली रेघ इतकी पुसट होती की दिसेना. बाईंनी मान हलवली तेव्हा दुसरी जरा ठळक आली. ‘अत्यंत नम्रपणे’ गेलं. ‘दुर्दैवाने’ गेलं. सेवेची वर्षं गेली. ‘अनवधानाने’ शब्दापाशी ती अडली. “याचा अर्थ काय बाई?”

“लक्ष नसताना.”

मुलीनं विचार केला. “पण तुमचं लक्ष होतं,” ती म्हणाली, आणि लगेच घाबरून पेन ठेवलं.

“खोड,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा भाजल्यासारखा झाला होता. लक्ष होतंच, फक्त भलतीकडे होतं. पान संपलं तेव्हा साडेतीन ओळी उरल्या. बाईंनी त्या स्वच्छ कागदावर उतरवल्या, आणि तो लाल कागद नियमाप्रमाणे स्वतःच्या टिपणवहीत चिकटवला.

शनिवारी केबिनमध्ये मॅनेजर होता, महेशभाई होता, भिंतीला टेकून मगन आणि धनश्री. खुर्ची दिली तरी बाई बसल्या नाहीत. प्रशांतनं वहीतला कागद टेबलावर उघडून ठेवला. बाईंनी वाचलं आणि प्रशांत एकेक वाक्य गुजरातीत सांगत गेला.

“हा कागद धनश्रीनं लिहिला. अपघातानंतर पाचव्या दिवशी. त्यात घडलं ते सगळं होतं. मी तिची शिक्षिका आहे. मी ते न वाचता खोडलं. जिवाची पर्वा न करता, हे शब्द बोरसेंचे नाहीत, माझे आहेत. मला ते शोभिवंत वाटले म्हणून मी घातले.”

मगन खाली पाहत होता. त्याच्यासाठीच लिहिलेली मोठ्या माणसाची वाक्यं बाई त्याच्यासमोर परत घेत होत्या. बाईंना ते कळलं, आणि थांबून चालणार नव्हतं हेही कळलं.

मॅनेजरनं कागदावर बोट ठेवलं, मग तीन बोटं वर केली. “एटले, त्रण वार कह्युं हतुं एणे? एक वार नहीं?”

महेशभाई काही बोलायला गेला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. शाळेत धडा वाचावा तशा त्या सावकाश बोलल्या. “सोमवारी सांगितलं. मंगळवारी पुन्हा सांगितलं. बुधवारी परत पुन्हा सांगितलं. तीन डाव सांगितलं.”

मॅनेजरनं महेशभाईला विचारलं, आणि महेशभाईला एवढंच म्हणता आलं की रोज शंभर जण शंभर गोष्टी सांगतात. म्हणजे सांगितलं होतं. प्रशांतनं ते लिहून घेतलं.

ठपका निघाला. नवं पत्र आलं, त्यात यंत्राचा काटा नादुरुस्त असल्याचं होतं. मगनला मशीनवर परत घेतलं नाही, हात आता गरम सोसणार नव्हते. जानेवारीत तो फोल्डिंगला लागला, कापडाच्या घड्या घालायला. वाटेत एकदा भेटला तेव्हा त्यानं बाईंना नेहमीसारखाच लवून नमस्कार केला. त्या वाकण्यात काहीही कमी झालेलं नव्हतं, आणि बाईंना तेच सहन झालं नाही.

तक्ता त्यांनी काढला. तिथे भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उरला आहे. नव्या मुलांनी विचारलं की त्या म्हणतात, “तिथे माझी चूक होती.”

फेब्रुवारीत त्यांनी आठवीला पुन्हा ‘माझे वडील’ लिहायला दिलं. चार वाक्यांचा नियम नव्हता, तरी बहुतेक बाप चंदनासारखे झिजलेच, सवय एवढ्यात जात नाही. धनश्रीची वही बाईंनी सर्वांत शेवटी घेतली. चिकटवलेला कागद ओलांडून पुढच्या पानावर गेल्या.

‘माझे पप्पा आधी जेट मशीनवर होते. आता फोल्डिंगला आहेत. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. आधी त्यांची नखं कधी निळी, कधी लाल असायची. आता पांढरी झाली. पप्पा म्हणतात आता हात स्वच्छ राहतात. मम्मी रोज पुन्हा परत नखं बघते.’

समास मुलीनं नेहमीसारखा मोकळा सोडला होता, दोन बोटं रुंद, लाल शाईसाठी. ‘पुन्हा परत’ पाशी बाईंचं पेन आपोआप खाली आलं आणि कागदापासून केसभर वर थांबलं. सरलाबाई काल बघते, आज पुन्हा बघते, उद्या परत बघणार आहे. यातला कोणता शब्द काढायचा?

बाईंनी ते पान पहिल्यापासून वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. खाली ‘तपासले’ लिहायची जागा होती. सव्वीस वर्षांत हजारो पानांखाली त्यांनी तो शब्द लिहिला होता, आणि त्यातली किती पानं खरंच पाहिली होती ते सांगायला त्यांच्यापाशी तोंड नव्हतं. त्यांनी लाल पेन ठेवलं, मुलीच्या शाईसारखं निळं घेतलं आणि सहीच्या वर एकच शब्द लिहिला.

वाचलं.